आधी बेता, मग बाजार गाठा

– टी. ई. मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी

व्हायवाला आपण मोठ्या ऐटीत उत्तर देतो, "सर, टू पॉइंट टू फाइव्ह." सर चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "टू पॉइंट टू फाइव्ह काय? बटाटे?" युनिट विसरलं की मार्क गेला, हे एफ. ई. पासून आपल्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलंय. तरीही गेल्या वर्षी मी एका चिठ्ठीवर "२.२५ × २४ = ५४" एवढंच लिहिलं, ती चिठ्ठी खिशात घालून भाईंदरहून गाडी पकडली, आणि आमच्या मराठी मंडळाच्या चोवीस जणांपैकी सहा जणांवर उघड्या अंगाने लेझीम खेळायची वेळ आणली. जवळजवळ.

या वर्षीच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये एक प्रस्ताव आलाय, "शिवण्याची कटकट नको, कपडे भाड्याने आणू." मला तो पटत नाही. का पटत नाही ते सांगायला हा लेख. पण त्यासाठी आधी आमची फजिती सांगावी लागेल, कारण प्रस्ताव तिच्यातूनच जन्माला आलाय.

तर झालं असं. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, लेझीम पथक ठरलं. चोवीस पांढरे झब्बे हवेत. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "कपड्यांचं मुली बघतील." मेकॅनिकलला आम्ही मुली किती असतो ते तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी मीटिंगला मी एकटीच होते, म्हणजे "मुली" म्हणजे मी. मला लेथवर टर्निंग येतं, सुईत दोरा ओवता येत नाही. पण माझी आई गेली अठरा वर्षं भाईंदर पूर्वेला घरी ब्लाऊज शिवते. तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, आईला विचारते.

आईने एका साध्या, बिनकळ्यांच्या झब्ब्याचा हिशोब तोंडी केला. कणीक मळता मळता. आणि म्हणाली, "सव्वादोन मीटर घे एकाला. चव्वेचाळीस पन्हा बघून घे हं." मी "२.२५" लिहिलं. पन्हा लिहिला नाही. मला वाटलं, पन्हा म्हणजे काहीतरी क्वालिटीबद्दल असेल!

ज्यांना माझ्यासारखंच वाटलं असेल त्यांच्यासाठी : पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. दुकानदार कापड लांबीवर विकतो, मीटरने. पण तुम्ही विकत घेता ते क्षेत्रफळ. बाजारात साधारण छत्तीस, चव्वेचाळीस आणि अठ्ठावन इंचांचे पन्हे दिसतात. म्हणजे "सव्वादोन मीटर" या उत्तराचं अर्धं युनिट पन्ह्यात दडलेलं असतं.

आम्ही पाच जण एका रविवारी निघालो. ठरवलं होतं मंगलदास मार्केट. मरीन लाइन्सला उतरून काळबादेवीतून चालत गेलो, तर सगळीकडे शटर खाली. रविवारी तो बाजार बंद असतो ही गोष्ट पाचांपैकी एकालाही माहीत नव्हती, आणि कुणाला तरी फोन करून विचारावं हेही सुचलं नव्हतं. मग उलटे दादरला आलो आणि हिंदमाताला चालत गेलो. (मुंबईत पाऊस पडला की टीव्हीवर पहिल्यांदा जे तुंबलेलं दाखवतात ते हिंदमाता. त्याच्या कडेला एवढा मोठा कापडबाजार आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.) उघडी दुकानं बघत फिरलो. पाय दुखत होते, भूक लागली होती. एका दुकानात पांढरं सुती कापड ऐंशी रुपये मीटर होतं, दुसऱ्यात सत्तर. आमच्या खजिनदाराने डोळे मिटून सत्तरवालं निवडलं. ५४ मीटर, ३,७८० रुपये. ५४० रुपये वाचवले म्हणून त्याने आम्हाला वडापाव दिला.

दुकानदाराची यात काहीच चूक नाही. त्याने विचारलंही होतं, "कशाला हवंय?" आम्ही म्हटलं, "कॉलेजसाठी." यावर तो बिचारा काय बोलणार?

परतीला विरार गाडी. विरार गाडीत भाईंदरवाल्यांचं कसं स्वागत होतं ते सांगायला नको. मी आणि माझी मैत्रीण ते पाचेक किलोचं गाठोडं घेऊन लेडीज डब्यात दाराशी अडकलो. बोरिवलीच्या आसपास शेजारच्या एका मावशींनी गाठोड्यातून डोकावणारं कापड दोन बोटांत धरलं, चुरगाळलं, सोडलं, आणि म्हणाल्या, "छत्तीस पन्हा ना गं हा? गाऊनसाठी घेतलंत का?"

मी म्हटलं, "नाही, झब्ब्यांसाठी."

"किती घेतलंस एकाला?"

"सव्वादोन."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी नंतर फक्त थर्मोच्या एक्स्टर्नलच्या डोळ्यांत पाहिली.

घरी आल्यावर आईने मला समोर बसवून जमिनीवर खडूने आखून दाखवलं. छाती चाळीस, त्यात सहा इंच ढिलाई, म्हणजे पुढचा भाग तेवीस इंच रुंद. दोन्ही बाजूंना एकेक इंच माया. झाले पंचवीस. (शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपीकामात 'माया' म्हणतात. आपल्याकडे मशीन डिझाइनला अलाउन्स म्हणतात. कुणाचा शब्द चांगला ते तुम्हीच ठरवा.) उंची चाळीस, दुमडायला दोन, झाली बेचाळीस. पुढचा भाग एक, मागचा एक, एकाखाली एक, झाले चौऱ्याऐंशी इंच. आता चव्वेचाळीस पन्ह्यातून पंचवीस गेले की शेजारी एकोणीस उरतात. त्यात सतरा इंची बाही आरामात बसते, म्हणजे बाह्या फुकट. छत्तीस पन्ह्यात मात्र उरतात अकरा. त्यात बाही बसत नाही. ती खाली वेगळी काढायची, आणखी चोवीस इंच. कापड पाण्यात आटतं ते धरून चव्वेचाळीसला सव्वादोन मीटर, छत्तीसला जवळजवळ २.९.

आता भाव लावा. मीटरचा नको, झब्ब्याचा लावा. सत्तरचं कापड २.९ मीटर म्हणजे २०३ रुपये. ऐंशीचं सव्वादोन मीटर म्हणजे १८०. आमचं स्वस्त कापड दर झब्ब्यामागे २३ रुपयांनी महाग होतं! आणि अठ्ठावन पन्ह्याचं शंभर रुपये मीटरने मिळालं असतं, तर त्यात पुढचा-मागचा भाग शेजारी-शेजारी बसून १.८ मीटरमध्ये काम झालं असतं. तेही १८०च. आमच्या ५४ मीटरमध्ये पूर्ण होत होते अठरा झब्बे. खेळणारे चोवीस.

मंडळाच्या खात्यात पैसे उरले नव्हते. वर्गणी प्रत्येकी तीनशे काढली होती. ती काही जणांनी दोन हप्त्यांत दिली होती. त्यांच्याकडे परत कुठल्या तोंडाने मागायचे? कापड फाडून घेतलेलं, परत करायचा प्रश्नच नव्हता.

आईने काय केलं ते नीट वाचा, कारण असं कुठल्याही लेक्चरला शिकवत नाहीत. तिने आधी सगळं ५४ मीटर कापड पाण्यातून काढायचं ठरवलं. पाण्याचा दिवस बघून बादल्या, टब, पिंप सगळं भरलं आणि सोसायटीच्या गच्चीवर या टाकीपासून त्या टाकीपर्यंत चार फेरे घालून कापड वाळत टाकलं. मी काठी घेऊन कावळे हाकत बसले. वाळल्यावर मोजलं तर ५४चे ५२ मीटरही भरले नाहीत, आणि पन्हा इंचभर आत आला होता. म्हणजे न भिजवता शिवले असते तर पहिल्या धुण्यातच प्रत्येक झब्बा दीड-पावणेदोन इंच वर चढला असता. (गिरणीतच आधी आटवून घेतलेलं कापड मिळतं. ते तंत्र सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने १९३० मध्ये पेटंट केलं, आणि 'सॅनफोराइज्ड' हा शिक्का त्याच्याच नावावरून आला. आमच्या सत्तरच्या कापडावर कसलाच शिक्का नव्हता.)

मग तिने बाही मधोमध उभी चिरली. सतरा इंचांची एक बाही म्हणजे शिवणीसकट साडेनऊ इंचांच्या दोन पट्ट्या. पंचवीस अधिक साडेनऊ म्हणजे साडेचौतीस, पस्तिसात बसलं! पण दोन बाह्यांच्या चार पट्ट्या चोवीस इंच लांबीच्या घ्यायच्या तर शहाण्णव इंच लागतात, आणि शेजारी आहेत चौऱ्याऐंशी. मग बाही तीन इंचांनी तोकडी केली. एकवीस चोक चौऱ्याऐंशी. एकेक झब्बा बरोबर चौऱ्याऐंशी इंचांत. चोवीस झब्बे निघाले आणि अर्ध्या मीटरच्या वर कापड उरलं. त्यातून आणि बगलेच्या तुकड्यांतून गळपट्ट्या झाल्या.

कार्यक्रमानंतर एका मॅडमनी विचारलं, "बाहीवरची ती शिवण छान आहे, डिझाइन कुणाचं?"

ऑपरेशन्स रिसर्च शिकताना मला कळलं की याला 'कटिंग स्टॉक प्रॉब्लेम' म्हणतात. रशियन गणिती कँटोरोविच यांनी १९३९ मध्ये एक पुस्तिका लिहिली, त्यात कमीत कमी तुकडे वाया घालवून माल कसा कापायचा हा प्रश्न गणितात बसवला होता. पुढे १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पत्रा कापा, काच कापा, प्लायवूड कापा, प्रश्न तोच. आपल्या भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांतही तोच आहे, पत्र्याच्या चौकोनातून गोल काढायचे आणि कोपरे भंगारात कमीत कमी जाऊ द्यायचे. मराठीत या सगळ्याला एक साधा शब्द आहे, बेतणं. कापड बेतणं. त्यातच 'बेत' आहे आणि 'बेताचं'ही आहे. आमच्या पाच जणांचा बेत होता फिरायचा, कापड कुणीच बेतलेलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की चूक शिवण्यात नव्हती. चूक बाजारात जाण्याच्या आधी झाली होती. आणि तीही आपल्याकडून, ज्यांना ड्रॉइंगशिवाय वर्कशॉपमध्ये जॉबला हात लावू देत नाहीत त्यांच्याकडून. जॉबसाठी आपण आधी शीट काढतो, मटेरियल लिहितो, टॉलरन्स देतो. मग कापडाला काय झालं? ते "बायकांचं काम" म्हणून त्याला ड्रॉइंग लागत नाही?

या वर्षी नाटकासाठी चौदा पोशाख हवेत. त्यांचं ड्रॉइंग मी काढलंय. ग्राफ पेपरवर एक सेंटिमीटरला चार इंच असं प्रमाण धरून तिन्ही पन्ह्यांवर तुकडे मांडून बघितले. पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापा आणि सरकवत बसा, कॅरमपेक्षा मजा येते. एक घोळ मात्र लक्षात ठेवा. कापड मीटरने मिळतं आणि शिंपी इंचांत मापतो. आपल्या देशात मेट्रिकचा कायदा १९५६ मध्ये झाला, तो कापडाच्या दुकानापर्यंत पोचला, शिंप्याच्या टेपपर्यंत नाही. एक मीटर म्हणजे ३९.३७ इंच. "चाळीस धरू" म्हटलंत तर पन्नास मीटरला तीसेक इंचांचा फटका बसतो. शिवाय फुलं-पानं सगळी एकाच दिशेला असलेलं छापील कापड असेल तर तुकडे उलटे ठेवून जागा वाचवता येत नाही, नाहीतर पाठीवरची झाडं मुळं वर करून उभी राहतील. चौकड्याचं कापड जुळवायला आणखी लागतं. हे सगळं घरी कळलेलं बरं, दुकानात माणूस नुसता "छान आहे ना?" एवढंच विचारत राहतो.

दुकानात गेल्यावर टेप स्वतः लावायचा. चव्वेचाळीस म्हणून दिलेला पन्हा कधी कधी बेचाळीस भरतो, आणि आपला सगळा बेत त्या दोन इंचांवर उभा असतो. सगळं कापड एकाच ताग्यातलं घ्यायचं, कारण दोन ताग्यांतला रंग ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि स्टेजवर दोन. रंगीत कापडावर ओला पांढरा रुमाल घासून बघायचा, दुकानदार काही म्हणत नाही. आम्ही लाल कमरपट्ट्यांचं कापड न घासता घेतलं होतं. तालमीच्या घामातच एका गड्याचा झब्बा गुलाबी झाला, तो स्पर्धेपर्यंत तसाच राहिला.

बारीकसारीक सामानासाठी मात्र मुंबई गाठायची गरज नाही. रिळं, बटणं, हूक, बक्रम, अस्तर हे आपल्या मीरा-भाईंदरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये मिळतं. तिथल्या माणसाचे डोळे म्हणजे रंग मोजायचं यंत्र असतं. फक्त कापडाचा तुकडा सोबत न्या, "साधारण मरून" असं तोंडी सांगू नका. मरूनची पंधरा रिळं काढून तो तुमच्यासमोर ठेवेल. झब्ब्याला तीन बटणं म्हणजे चोवीसला बहात्तर, सहा डझन. सात डझन घ्या, लेझीमवाले बटणं तोडतात. सुती कापडाला चौदा नंबरची सुई चालते, दोन जास्तीच्या ठेवा. रात्री अकराला सुई मोडली की काय होतं ते आमच्या घरी बघितलंय.

ऑनलाइन मागवू म्हणणारेही आहेत. मागवा. पण फोटोला रुमाल घासता येत नाही.

आता भाड्याचं. भाडं आहे दर पोशाखाला दीडशे, एका दिवसाचं, वर डिपॉझिट. चोवीसला ३,६०० रुपये. तालमीला ते कपडे मिळत नाहीत, माप कुणाचं कुणाला बसत नाही, आणि संध्याकाळी आठच्या आत परत करायला कुणीतरी कार्यक्रम सोडून पळायचं. आमचे ते तीन इंच तोकड्या बाह्यांचे झब्बे मात्र अजून मंडळाच्या लोखंडी कपाटात आहेत आणि यंदाही वापरता येतील. (एक गुलाबी.) हा हिशोब मीटिंगमध्ये मांडला तेव्हा खजिनदार म्हणाला, "म्हणजे शिवणं स्वस्तच की! कापडाचे पौणेचार हजार फक्त."

तो "फक्त" माझ्या घशात अडकला. कारण त्या हिशोबात मजुरीचा रकानाच नव्हता. आणि तो हिशोब मी स्वतः लिहिला होता.

एस्टिमेटमध्ये मटेरियल, लेबर, ओव्हरहेड असे रकाने असतात हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं. आईने नऊ रात्री बसून ते चोवीस झब्बे शिवले. लग्नसराईचे दिवस होते. तिच्या तीन नेहमीच्या बायका "तुम्हाला वेळ नाही ना आता" म्हणून पलीकडच्या गल्लीत गेल्या, त्यातल्या दोघी अजून परत आलेल्या नाहीत. आमच्या गल्लीत साध्या झब्ब्याची शिलाई तेव्हा अडीचशे होती. चोवीसचे सहा हजार. मंडळाच्या अहवालात मंडपवाल्याचं नाव आलं, साउंडवाल्याचं आलं, दोघांची बिलंही आली. आईबद्दल "पालकांचे सहकार्य" एवढे दोन शब्द. मी तिला अहवाल वाचून दाखवला नाही. तिने विचारलंही नाही, तिने फक्त विचारलं, "बगलेत कुणाला काचलं नाही ना?"

भाड्याने आणायच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे, पण फुकटात शिवून घ्यायच्या प्रस्तावालाही तेवढाच आहे. शिवून घ्यायचं तर मजुरीसकट. महाग पडलं तर पोशाख कमी करा, मंडपाची झालर कमी करा. आणि "मुली बघतील" हे वाक्य तर मिनिट्समधून काढूनच टाका. गेल्या वर्षी इस्त्री आणि बटणं टाचण्याचं सगळं काम आमच्या लेझीमच्या कॅप्टनने केलं, आईकडे बसून, दोन संध्याकाळी. बटण टाचायला त्याला पहिल्यांदा वीस मिनिटं लागली, शेवटी चार. शिलाई मशीन बघून तो म्हणाला, "अरे, याच्यात तर कॅम आहे!" आहेच. धागा वर ओढणारा दांडा बघा, खालचे दाते कापड कसे पुढे सरकवतात ते बघा. आणि सुईचं भोक टोकाशी का असतं ते बघा. एलियस होवेच्या १८४६ च्या पेटंटमधल्या मशीनची सुईही अशीच होती. टी.ओ.एम.च्या प्रॅक्टिकलला हे मशीन का ठेवत नाहीत, मला अजून कळलेलं नाही. असो.

चौदा पोशाखांचं एस्टिमेट तयार आहे. पन्हा लिहिलाय, आटणं धरलंय, मजुरीचा रकाना भरलाय. मीटिंग शुक्रवारी साडेचारला ड्रॉइंग हॉलमध्ये आहे. बाजाराला जाऊ ते रविवारी नाही. त्याआधी नाटकातल्या सगळ्यांनी माप द्यायला यायचंय, टेप माझ्याकडे आहे. येताना जाड जर्किन काढून या, आणि मोबाईल, पाकीट, चाव्या खिशात ठेवून कंबर मोजून घेऊ नका.